चाळीस रॅक, एकाहत्तर दिवस: कुंडईतल्या एका छोट्या कारखान्याचं पहिलं सरकारी काम

पार्श्वभूमी

मी फोंड्यात कर सल्लागार आहे. या प्रकरणातले मालक माझ्या शाळेतले मित्र, त्यामुळे त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणतो आणि त्या मला भावजी. दोघांनीही हे लिहायला परवानगी दिली, पण नाव घालायचं नाही या अटीवर. जागेचा तपशील थोडा बदलला आहे, हिशेब बदललेला नाही.

कुंडई औद्योगिक वसाहतीत मागच्या रांगेत त्यांची शेड आहे. पाच कामगार, एक शीट कापायचं यंत्र, एक बेंडिंग प्रेस आणि दोन वेल्डिंग सेट. लोखंडी कपाटं, रॅक, गेट, खिडक्यांच्या ग्रिल अशी कामं. वर्षाची उलाढाल साठ लाखांच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यांत पावसाआधीच्या शेडची कामं इतकी असतात की फोन उचलायला वेळ नसतो, आणि जून-जुलैमध्ये बाहेर धो धो पाऊस नि कारखान्यात दुष्काळ. कामगारांना पगार मात्र बाराही महिने द्यावा लागतो. ओडिशाहून आलेला चांगला वेल्डर एकदा गावी गेला की परत येईल याची खात्री कोण देणार?

सरकारी कामाची कल्पना वहिनींची. गोवा एवढासा, पण इथं केंद्राचे खरेदीदार कमी नाहीत. वास्कोचं गोवा शिपयार्ड, मुरगाव बंदर, दाबोळीचा नौदल तळ, दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, शिवाय टपाल, सीमाशुल्क, आयकर अशा खात्यांची कार्यालयं. (या प्रकरणातलं कार्यालय यांपैकी एकही नाही.) सगळ्यांना टेबलं, कपाटं, रॅक लागतात. मित्राने ऐकून घेतलं, म्हणाला, "कागदांचें तूं पळय, लोखणाचें हांव पळयतां" (कागदांचं तू बघ, लोखंडाचं मी बघतो), आणि वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढून कामाला लागला.

अडचण

मार्च २०२४च्या शेवटी वहिनी माझ्याकडे आल्या तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत दोन नकार होते.

पहिला राज्य सरकारच्या एका खात्याचा. शाळांसाठी डेस्क-बेंचची निविदा होती. त्यांनी डिजिटल सही काढली, दर भरले आणि बयाणा रकमेच्या (ईएमडीच्या) जागी केंद्राकडच्या लघुउद्योग नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र जोडलं, कारण लघुउद्योगांना ईएमडी माफ असते असं त्यांनी ऐकलं होतं. तांत्रिक छाननीतच बाद. दराचं पाकीट उघडलंही नाही.

दुसरा केंद्राच्या एका कार्यालयाचा, जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवरचा. तिथंही ईएमडी माफी मागितली होती आणि तिथंही नामंजूर. वहिनींचा प्रश्न सरळ होता, "भावजी, केंद्रात माफी आहे म्हणतात ना? मग?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, पण ते फार थोड्या लोकांना माहीत असतं. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश २०१२चा, २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्याच्या कलम ११खाली काढलेला. तो केंद्राची मंत्रालयं, खाती आणि केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी आहे. वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून, निविदेचे कागद मोफत, ईएमडी माफ. राज्याच्या खात्याला तो आपोआप लागू होत नाही. राज्याच्या निविदेत माफी आहे का, हे त्या निविदेच्याच अटींत शोधायचं. वहिनींच्या निविदेत ती नव्हती. 'सरकार' असा एकच शब्द आपण वापरतो, पण खरेदीच्या बाबतीत ही दोन वेगळी घरं आहेत.

दुसऱ्या नकारासाठी मी उद्यम प्रमाणपत्र मागितलं. ते २०२१मध्ये फोंड्यातल्या एका इंटरनेट कॅफेत काढलेलं. नोंदणी पूर्णपणे मोफत असताना त्याने दीड हजार घेतले होते, ते एक वेळ सोडा. प्रमाणपत्रावर व्यवसायाचा प्रकार होता 'ट्रेडिंग'. कोड हार्डवेअरच्या किरकोळ विक्रीचा. २०२१च्या जुलैपासून व्यापाऱ्यांना उद्यममध्ये नोंदणी मिळते खरी, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरती. खरेदी धोरणाचा लाभ माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, दुकानदाराला नाही. ज्या माणसाच्या दोन्ही हातांवर ठिणग्यांचे डाग आहेत, तो तीन वर्षं कागदावर दुकानदार होता!

पर्याय

आम्ही तिघं एका रविवारी बसलो. टेबलावर तीन वाटा होत्या.

वहिनींच्या मनात होतं नव्या फर्मचं. खरेदी धोरणात महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी ३ टक्क्यांचं उपलक्ष्य आहे. एकल मालकी असेल तर मालक महिला हवी, भागीदारी असेल तर तिचा हिस्सा किमान ५१ टक्के. कारखाना नवऱ्याच्या नावावर आहे, तो माझ्या नावावर घेऊ, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला चांगलं, पण दोन गोष्टी आड येत होत्या. हे ३ टक्के खरेदीदाराचं वर्षभराचं लक्ष्य असतं, प्रत्येक बिडमध्ये, म्हणजे निविदेत, आपल्या दराला मिळणारी सवलत नव्हे. आणि एकल मालकीची फर्म मालकाच्या पॅनवर चालते. पॅन बदलला की उद्यम नवं, जीएसटी नवा, उलाढाल शून्य, अनुभव शून्य. पंधरा वर्षांची बिलं एका फटक्यात परक्याची होतात.

दुसरी वाट एखाद्या मोठ्या ठेकेदाराखाली काम करायची. त्यात कागद कमी, पण पैसे ठेकेदाराच्या मर्जीवर. मित्राने हे आधी दोनदा केलं होतं, त्यामुळे तो विषय एका शिवीत संपला.

तिसरी वाट म्हणजे आहे तीच फर्म ठेवून उद्यम दुरुस्त करायचं आणि काही महिने फक्त केंद्राच्या बिड पाहायच्या. हीच धरली. दुरुस्ती उद्यमच्या संकेतस्थळावर आधारच्या ओटीपीने झाली, खर्च शून्य. मुख्य व्यवसाय उत्पादन, कोड धातूच्या फर्निचरचा. मात्र महिलांच्या हिश्श्याचा प्रश्न मिटला नाही, आम्ही तो फक्त पुढे ढकलला.

दरम्यान १६ मार्चपासून लोकसभेची आचारसंहिता लागली होती. ७ मे रोजी गोव्यात मतदान झालं, पण नव्या खरेदीची हालचाल जूनपर्यंत मंदच होती. मे महिन्याच्या अखेरीस एक बिड दिसली, केंद्राच्या एका खात्याच्या भांडारासाठी १६० स्लॉटेड अँगल (भोकं पाडलेल्या लोखंडी अँगलचे) रॅक, प्रत्येकी सहा फळ्या. फळी ९०० बाय ४५० मि.मी., पत्र्याची जाडी किमान ०.९ मि.मी. जेमच्या बिडमध्ये लघुउद्योगांना अनुभव आणि उलाढालीची अट शिथिल आहे का, तिथं हो किंवा नाही लिहिलेलं असतं. इथं 'हो' होतं. तो एक शब्द आधी पाहायचा, मग बाकीची पानं.

निर्णयाची घडी

बिड उघडली. आमचा दर करांसह ७,७८८ रुपये रॅकमागे. सर्वांत कमी, म्हणजे एल-वन, ७,०८०. तो परराज्यातला व्यापारी, उत्पादक नव्हे. मित्र म्हणाला, संपलं. पण संपलं नव्हतं. एल-वन सूक्ष्म-लघु उत्पादक नसेल आणि आपला दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर आपल्याला त्याच्या दराशी बरोबरी करायची संधी मिळते आणि एकूण नगांपैकी २५ टक्के आपल्याला येतात. मर्यादा होती ८,१४२, म्हणजे आम्ही आत होतो. १६० पैकी ४० रॅक, ७,०८० या दराने, एकूण २,८३,२०० रुपये. उत्तर द्यायला मुदत थोडी.

त्या रात्री वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सोलकढीच्या पेल्यांमध्ये, वहीत हा हिशेब झाला. ७,०८०तून १८ टक्के जीएसटी वजा जाता हातात ६,०००. एका रॅकचं लोखंड ३,७००, पावडर कोटिंग ६५०, मजुरी ८००, नट-बोल्ट आणि पॅकिंग २५०, टेम्पो आणि जोडणी ३००. बेरीज ५,७००. उरले ३००. चाळीस रॅकमागे १२,०००.

"बारा हजारांसाठी एवढा व्याप?" मित्र म्हणाला.

मी मजुरीच्या आकड्यावर बोट ठेवलं. चाळीस रॅकची मजुरी ३२,००० होते. काम जून-जुलैमध्ये करायचं होतं. ते ३२,००० काम असो वा नसो, कामगारांना जाणारच होते. म्हणजे पावसाळ्यातली तूट या कामाने चव्वेचाळीस हजारांनी कमी होत होती. वर, काम पूर्ण केल्याचं पत्र मिळणार होतं, जे पुढच्या प्रत्येक बिडमध्ये कामाला येतं. डिसेंबरात हाच दर आला असता तर मी नको म्हटलं असतं.

दुसऱ्या बाजूला होता रोख पैसा. लोखंड उधारीवर मिळत नाही, जीएसटीसह १,७४,६४० आधी मोजावे लागणार होते. शिवाय ३ टक्के सुरक्षा ठेव, ८,४९६. (ईएमडी माफ असली तरी काम मिळाल्यावरची ही ठेव लघुउद्योगालाही चुकत नाही. पुष्कळ जण इथं फसतात.) मी गृहीत धरलं, माल स्वीकारल्यावर महिनाभरात पैसे येतील. त्यावर वहिनींनी होकार कळवला.

दोन दिवसांनी त्या एल-वन व्यापाऱ्याचाच फोन. उरलेले १२० रॅक तुम्हीच बनवून द्या, ५,१०० देतो, माल आम्ही उचलू. टेम्पो वजा केला तरी आमचा खर्च ५,४००. शिवाय परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देणं करारात बसत नाही. वहिनींनी नम्रपणे नाही सांगितलं. त्याने ते काम मग कुठून करून घेतलं, ठाऊक नाही.

प्रत्यक्ष काम आणि मायक्रोमीटर

ऑर्डर १८ जूनची, मुदत ४५ दिवस. २९ जुलैला भर पावसात ताडपत्री घातलेल्या टेम्पोतून चाळीस रॅक गेले. मित्र खुशीत होता.

५ ऑगस्टला तपासणी. भांडारपाल निवृत्तीला आलेले गृहस्थ, खिशात स्वतःचा मायक्रोमीटर. ते एकेका फळीच्या कडेला माप घेत चालले. १.०४, १.०३, १.०४. एका रॅकपाशी थांबले. ०.९४. पुढच्या रॅकवरही ०.९४. अट ०.९ची होती, म्हणजे कागदावर हेही चालणारं माप. पण त्यांनी खिशातून किल्ली काढली, फळीच्या कोपऱ्यावरचं पावडर कोटिंग दोन्ही बाजूंनी खरवडलं आणि उघड्या पत्र्यावर पुन्हा माप घेतलं. ०.८०.

पावडर कोटिंगचा थर एका बाजूला साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो. दोन बाजू मिळून ०.१४ मि.मी. जाडी रंगाचीच. त्यांना संशय आला तो इतर फळ्यांहून कमी भरलेल्या मापाचा. दुकानदाराच्या गठ्ठ्यात तीन शीट ०.८ची मिसळून आली होती, आणि कारखान्यात उघडा पत्रा कुणी मोजलाच नव्हता. तीन शीटच्या बारा फळ्या, म्हणजे बरोब्बर दोन रॅक. मित्राचा चेहरा पडला. फसवणूक त्याने केली नव्हती, पण तसं सांगून भागत नाही. त्याने वाद घातला नाही, दोन रॅक परत घेतले. माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत चांगला निर्णय हाच. ८ ऑगस्टला ३८ रॅक स्वीकारल्याचं प्रमाणपत्र जेमवर आलं.

नवा पत्रा, कोटिंग आणि टेम्पो धरून सहा हजार गेले. दोन रॅक २० ऑगस्टला पोचले. मुदतीनंतर तिसरा आठवडा लागला होता, आठवड्याला अर्धा टक्का दंड, म्हणून २१२ रुपये कापले गेले. बाद झालेल्या फळ्या वहिनींच्या घरी कोठीत बसल्या. त्यांवर आता नारळ आणि आमसुलांच्या बरण्या आहेत.

पैसे

जेमच्या नियमाने स्वीकृती प्रमाणपत्रानंतर दहा दिवसांत पैसे यायला हवेत. म्हणजे १८ ऑगस्टला. ते आले नाहीत. फोन केला की बिल लेखा विभागात, लेखा विभागात विचारलं की मुख्य कार्यालयात. ७ सप्टेंबरला चवथ. गोव्यात चवथीच्या आधी कामगाराच्या हातात पैसे न देणारा मालक पुढच्या वर्षी तोंड दाखवू शकत नाही. वहिनींनी पतसंस्थेतली ठेव मुदतीआधी मोडली. मधल्या काळात जीएसटीचं विवरणपत्र आलं. पैसे आलेले नसले तरी बिल फाडलं की कर भरायचा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा बसलो. कायदा भक्कम आहे. एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५प्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत जात नाही. कलम १६प्रमाणे उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. २०२४मध्ये बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. थकलेल्या पैशांच्या तक्रारींसाठीच्या समाधान पोर्टलवर तेव्हा अर्ज केला की तो विक्रेत्याच्या राज्यातल्या सुविधा परिषदेकडे (असे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे) जायचा, म्हणजे गोव्यातच सुनावणी. निकाल विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला आव्हान द्यायचं झालं, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

वहिनी कचरत होत्या. "त्यांच्यावर केस केली तर पुढचं काम देतील का?" ही भीती मी रोज ऐकतो आणि ती खोटी आहे असं मला म्हणवत नाही. मधला मार्ग काढला. ९ ऑक्टोबरला एक पानाचं पत्र, भाषा सभ्य, त्यात स्वीकृतीची तारीख, कलम १५ आणि १६चा उल्लेख, आणि शेवटी एक ओळ, पंधरा दिवसांत पैसे न आल्यास समाधानवर अर्ज करू. १८ ऑक्टोबरला सगळे पैसे जमा झाले. प्रमाणपत्रापासून एकाहत्तराव्या दिवशी. व्याज मिळालं नाही, ते नऊ हजारांच्या थोडं वर होत होतं. वहिनींनी ते मागितलं नाही. मीही आग्रह धरला नाही.

कागदावरच्या बारा हजारांतून दुरुस्ती आणि दंड जाता ५,७८८ उरले. ठेव मोडल्याचं नुकसान वेगळं. कामपूर्तीचं पत्र नोव्हेंबरात मिळालं.

काय वेगळं करता आलं असतं

पत्र ९ ऑक्टोबरला का गेलं, १९ ऑगस्टला का नाही? कारण आम्ही सगळे 'आज येतील, उद्या येतील' करत बसलो. अकराव्या दिवशी लिहिलं असतं तर कदाचित चवथीआधी पैसे आले असते. महिनाभराचं माझं गृहीतकही चुकीचं होतं. आता मी पक्षकाराला सरळ सांगतो, तीन महिने पैसे अडकले तर तग धरता येईल का ते आधी बघा, बिड नंतर भरा.

पत्र्याचं तर उघड आहे. शीट शेडमध्ये आली की रंग लागण्याआधी प्रत्येकीचं माप. दारामागे आता मायक्रोमीटर टांगलेला असतो.

सर्वांत मोठी चूक मात्र माझी, आणि ती मला काम संपल्यावर, डिसेंबरात कळली. खरेदी धोरणात ३५८ वस्तू अशा आहेत ज्या केंद्राच्या खात्यांनी फक्त सूक्ष्म-लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या असतात. दुसऱ्या एका पक्षकारासाठी ती यादी चाळत होतो. स्टीलची कपाटं, खुर्च्या, डेस्क. पुढची ओळ वाचून मी पेन खाली ठेवलं. स्टीलचे रॅक.

म्हणजे ती बिड त्या व्यापाऱ्याला खुली असायलाच नको होती. खरेदीदाराच्या कर्मचाऱ्याने ते पाहिलं नाही, आणि मीही नाही. बिड बंद होण्याआधी पोर्टलवर हरकत नोंदवायची सोय असते. दोन ओळींची हरकत टाकली असती तर स्पर्धा लघुउत्पादकांमध्येच झाली असती. १५ टक्क्यांची मर्यादा, दराची बरोबरी, स्वयंपाकघरातला तो हिशेब, यातलं काहीच करावं लागलं नसतं. कदाचित १६० मिळाले असते, कदाचित एकही नाही, पण खेळ तरी आपल्या मैदानावर झाला असता. मी हे वहिनींना त्याच संध्याकाळी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "यादी मला छापून द्या."

पुढे

फेब्रुवारी २०२५मध्ये अशाच मापाच्या रॅकची आणखी एक बिड आली, दुसऱ्या कार्यालयाची, तीही सर्वांना खुली. हरकत वहिनींनी स्वतः लिहिली, यादीतली ओळ जोडून. चौथ्या दिवशी शुद्धिपत्र निघालं, बिड लघुउद्योगांपुरती झाली. चार जणांनी दर भरले. आमचा दर दुसरा आला. रॅकमागे १६५ रुपयांनी काम गेलं.

फर्ममध्ये वहिनींना ५१ टक्के द्यायचे का, हा प्रश्न अजून तसाच आहे. नव्या पॅनखाली जुना अनुभव कसा टिकवायचा याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही, आणि आता तर तो अनुभव एका सरकारी पत्राचा आहे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेलो तेव्हा मित्र खडू घेऊन जमिनीवर उकिडवा बसला होता. आठ बाय चारची शीट, २४४० बाय १२२०, त्याने पूर्ण मापात काढली होती. कडा दुमडायला धरून फळीला पत्रा लागतो ९६० बाय ५१०. वर्षानुवर्षं ते एका शीटमधून चार फळ्या काढत आले, दोनावर दोन, आणि शेवटची पट्टी भंगारात. त्याने ती पट्टी मोजली. ५२० मि.मी. रुंद. तिच्यात त्याने पाचवी फळी आडवी काढली, खडूने तिच्याभोवती दोनदा गिरवलं आणि मला विचारलं, चाळीस रॅकना साठ शीट लागल्या होत्या ना? अठ्ठेचाळीसच लागल्या असत्या.